तेहतीस हरले, सत्तावीस जिंकले
वाचकांचे प्रश्न : मतं मोजण्याच्या पद्धती आणि त्यांतून घडणारी धोरणं

या वेळची पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरणारी आहेत. मत दिल्यावर त्याचं पुढे काय होतं, ते कोणत्या नियमाने मोजलं जातं आणि त्या नियमाचा सरकारच्या कारभारावर काय परिणाम होतो, असं वाचक विचारतात. आकडे बरेच आहेत, पण गणित बेरीज-भागाकारापलीकडे जात नाही.

प्रश्न : जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत पहिल्या पसंतीची ३३ मतं मिळवून संजय पवार हरले आणि २७ मतं मिळवून धनंजय महाडिक जिंकले. दोघेही आमच्या कोल्हापूरचे. हा हिशेब अजून कुणी धड समजावून सांगितलेला नाही. कृपया आकड्यांसह सांगा.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जागा सहा, उमेदवार सात. २८५ आमदारांनी मतदान केलं, एक मत बाद झालं, वैध राहिली २८४. पहिल्या पसंतीची मतं अशी : पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३, धनंजय महाडिक २७.

या मोजणीत प्रत्येक मतपत्रिकेची किंमत १ नव्हे तर १०० धरतात. म्हणजे एकूण किंमत २८,४००. कोटा काढताना तिला जागांपेक्षा एक जास्त आकड्याने, इथे ७ ने, भागायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि १ मिळवायचा. २८,४०० भागिले ७ म्हणजे ४,०५७, अधिक १, म्हणून कोटा ४,०५८. ज्याची किंमत तिथवर पोचली तो निवडून आला. ४८, ४८, ४४, ४३ आणि ४१ मतांचे पाच जण पहिल्याच फेरीत पार झाले.

आता त्यांच्याकडचं जास्तीचं. गोयल यांच्याकडे ४,८०० होते, कोटा वजा केल्यावर ७४२ उरले. बोंडे यांचेही ७४२. हे जास्तीचं वाया जात नाही, त्या पत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीकडे जातं. गोयल, बोंडे आणि महाडिक तिघेही भाजपचे, म्हणून सगळ्या ४८ पत्रिकांवर पुढची पसंती महाडिकांनाच आहे असं धरा. ७४२ भागिले ४८ म्हणजे १५ आणि वर काहीतरी. नियम अपूर्णांक सोडायला सांगतो, म्हणून प्रत्येक पत्रिका १५ किमतीने पुढे गेली. ४८ गुणिले १५ म्हणजे ७२०. दोघांचे मिळून १,४४०. महाडिकांचे स्वतःचे २,७००. बेरीज ४,१४०. कोटा पार.

हाच हिशेब पवारांच्या, म्हणजे महाविकास आघाडीच्या, बाजूने मांडा. प्रतापगढींचं जास्तीचं ३४२, पत्रिका ४४, म्हणजे पत्रिकेमागे ७. पटेलांचं २४२, पत्रिका ४३, पत्रिकेमागे ५. राऊतांचं ४२, पत्रिका ४१, पत्रिकेमागे १. ही सगळी मतं पवारांकडेच वळली असं मानलं तरी ३०८, २१५ आणि ४१ मिळून ५६४ होतात. ३,३०० मध्ये घातले की ३,८६४. कोट्याला १९४ कमी.

खरं म्हणजे २७ विरुद्ध ३३ ही तुलनाच फसवी आहे. एका बाजूला तीन उमेदवारांची मिळून १२३ मतं होती, म्हणजे १२,३००, आणि तीन कोट्यांना लागतात १२,१७४. दुसऱ्या बाजूला चार उमेदवारांची १६१ मतं होती, म्हणजे १६,१००, आणि चार कोट्यांना लागतात १६,२३२. ही १६१ मतं आपसांत कशीही वाटली असती तरी चारही जण कोट्यापर्यंत पोचले नसते. सहावी जागा दुसऱ्या पसंतीने चमत्कार करून दिली असं म्हणतात, ते बरोबर नाही. एका गोटाची संख्या तीन कोट्यांना पुरली, दुसऱ्याची चार कोट्यांना पुरली नाही, एवढंच घडलं.

प्रश्न : पदवीधर मतदारसंघात मी गेल्या वेळी मतदान केलं होतं. यादीत नाव आपोआप राहतं ना? आणि मत बाद होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?
– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : नाही, राहत नाही. विधानसभेची यादी पुढे चालू राहते, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची यादी मात्र दर निवडणुकीला कोऱ्या कागदावरून सुरू होते. पदवीधरांनी नमुना १८ भरायचा, शिक्षकांनी नमुना १९. पदवीधरांसाठी अर्हता दिनांक १ नोव्हेंबर, आणि त्या तारखेच्या किमान तीन वर्षं आधी पदवी मिळालेली हवी. नोंदणीची जाहीर सूचना आली की लगेच अर्ज करा. ‘गेल्या वेळी होतं की’ म्हणत मतदान केंद्रावरून परत जाणारे दर वेळी भेटतात, आणि त्यांतले बरेच खरोखर जागरूक मतदार असतात, म्हणून जास्त वाईट वाटतं.

मतपत्रिका कागदी असते आणि तिच्यावर पक्षाचं चिन्ह नसतं. केंद्रावर दिलेलं जांभळं स्केचपेनच वापरायचं, खिशातलं बॉलपेन चालत नाही. ज्याला पहिली पसंती त्याच्या नावासमोर १ लिहायचं. पुढे २, ३ लिहिणं ऐच्छिक आहे, १ मात्र हवाच. आकडा मराठी, इंग्रजी किंवा रोमन चालतो, पण ‘एक’ असं अक्षरात लिहिलं की मत बाद. बरोबरची खूण, फुली, सही, अंगठा यांपैकी काहीही केलं तरी बाद. दोन नावांसमोर १ लिहिला तर बाद. एकाच नावासमोर १ आणि २ दोन्ही लिहिले तरी बाद.

१ नीट आहे, पण पुढे २ सोडून थेट ३ लिहिला, किंवा २ दोघांना दिला, तर मत बाद होत नाही. पहिली पसंती मोजली जाते. मात्र तुमचा पहिला उमेदवार बाहेर पडला की पत्रिका तिथेच थांबते, पुढे कुणाकडे जात नाही.

इथे जागा एकच असल्याने प्रत्येक मताची किंमत १ धरतात आणि कोटा म्हणजे वैध मतांची निम्मी अधिक १. वैध मतं १,००,००१ असतील तर ५०,००१. पहिल्या फेरीत कुणी पोचलं नाही तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाहेर काढतात आणि त्याच्या पत्रिकांवरचा २ वाचतात. असं करत करत शेवटी एकच उमेदवार उरला, तर कोटा न गाठताही तो निवडून येतो, कारण दरम्यान अनेक पत्रिका थांबलेल्या असतात. म्हणून फक्त १ लिहून या असं सांगणाऱ्या कार्यकर्त्याचं ऐकण्याआधी विचार करा. तुमचा २ तुमच्या १ चं कधीही नुकसान करत नाही, कारण १ बाहेर पडल्याशिवाय किंवा निवडून आल्याशिवाय २ कुणी वाचतच नाही.

प्रश्न : आमच्या महापालिकेत एका प्रभागातून चार नगरसेवक येतात. चार जण आहेत म्हटल्यावर वेगवेगळ्या पक्षांचे यायला हवेत. पण बहुतेक वेळा चारही एकाच पक्षाचे. असं का होतं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कारण जागा चार असल्या तरी निवडणुका चार वेगवेगळ्या आहेत. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येकीसाठी वेगळं मत, आणि प्रत्येक जागेवर ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी. प्रभागात एका पक्षाला ४१ टक्के, दुसऱ्याला २९, तिसऱ्याला २१ आणि चौथ्याला ९ टक्के मतं आहेत असं समजा. मतदार चारही जागांवर आपल्याच पक्षाला मत देतो, म्हणून ४१ टक्केवाला चारही ठिकाणी पहिला येतो. उरलेल्या ५९ टक्के लोकांचा प्रतिनिधी एकही नाही. एकसदस्य वॉर्डात निदान एखाद्या गल्लीत ताकद असलेला लहान पक्ष किंवा अपक्ष निवडून येतो. मोठ्या प्रभागात ती गल्ली बुडून जाते. बहुसदस्य प्रभाग आणि बहुमताची मोजणी ही जोडी मोठ्या पक्षाला सगळ्यांत सोयीची आहे, आणि मतदाराला सगळ्यांत महाग.

हाच प्रभाग राज्यसभेच्या पद्धतीने मोजला तर? जागा चार, म्हणून कोटा एक पंचमांश, म्हणजे २० टक्क्यांच्या किंचित वर. ४१ टक्क्यांना दोन जागा, २९ ला एक, २१ ला एक. प्रभागाच्या सीमा त्याच, नगरसेवकांची संख्या तीच, फक्त मोजणी वेगळी.

स्कॉटलंडने नेमकं हेच केलं. २००४ मध्ये कायदा झाला आणि ३ मे २००७ ला तिथल्या सगळ्या ३२ स्थानिक परिषदांची निवडणूक पसंतीक्रमाने झाली, एका प्रभागातून तीन किंवा चार सदस्य. ग्लासगोचं उदाहरण बघण्यासारखं आहे. २००३ मध्ये जुन्या पद्धतीत मजूर पक्षाने निम्म्याहून कमी मतांवर ७९ पैकी ७१ जागा घेतल्या होत्या. सभागृहात प्रश्न विचारायला विरोधकच उरले नव्हते. २००७ मध्ये तोच पक्ष ४५ वर आला, स्कॉटिश नॅशनल पार्टी २२ वर, आणि ग्रीन, लिबरल डेमोक्रॅट यांना पाच-पाच जागा मिळाल्या. मजूर पक्षाची सत्ता गेली नाही, पण हिशेब मागणारी माणसं समोर येऊन बसली. लहान शहरांच्या कारभारात याची किंमत फार मोठी असते.

तिथे काय चुकलं तेही सांगायला हवं. त्याच दिवशी स्कॉटिश संसदेचीही निवडणूक ठेवली होती. संसदेच्या पत्रिकेवर फुली मारायची होती आणि परिषदेच्या पत्रिकेवर आकडे लिहायचे होते. शिवाय संसदेची दोन वेगळी मतं एकाच कागदावर शेजारी-शेजारी छापली. परिणाम असा की संसदेची सुमारे १ लाख ४६ हजार मतं बाद झाली. गंमत नव्हे, वस्तुस्थिती अशी की नव्या पसंतीक्रमाच्या पत्रिकेत बाद मतांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत राहिलं, गोंधळ जुन्या पद्धतीच्या, पण वाईट छापलेल्या कागदाने केला. त्यानंतर दोन्ही निवडणुका वेगळ्या वर्षांत घेऊ लागले. दुसरी खोट अजून गेलेली नाही. पत्रिकेवर नावं अक्षरक्रमाने असतात, त्यामुळे एकाच पक्षाच्या दोन उमेदवारांपैकी वरच्या नावाला १ जास्त मिळतो.

आपल्याकडे हे आणायचं तर तीन अडचणी सोडवाव्या लागतील. आपल्या मतदान यंत्रावर पसंतीचा आकडा नोंदवता येत नाही, म्हणजे कागदी पत्रिका आल्या. स्कॉटलंडमध्ये कागदावर लिहून घेतात आणि स्कॅनरने मोजतात, अपूर्णांकही सोडत नाहीत, पाच दशांश स्थळांपर्यंत धरतात. दुसरी अडचण आरक्षणाची. अ जागा अनुसूचित जातीची, ब महिलेची अशी सोडत निघते. चारही जागा एकत्र मोजल्या तर आरक्षण मोजणीतच बसवावं लागेल : राखीव जागा भरायला जेवढे उमेदवार लागतात तेवढेच उरले, की त्यांना बाद करता येणार नाही, असा नियम. तो लिहिणं अवघड नाही, पण एकही पळवाट न ठेवता लिहावा लागेल. तिसरी अडचण राजकीय आहे आणि ती सर्वांत मोठी : ज्यांना आत्ताच्या मोजणीचा फायदा होतो त्यांनीच कायदा बदलायचा आहे. राज्यघटना मात्र आडवी येत नाही असं आमचं मत आहे. नगरपालिकांच्या निवडणुकांबाबत तरतूद करण्याचा अधिकार कलम २४३-झेडए ने राज्य विधिमंडळालाच दिलेला आहे.

प्रश्न : ज्यांना फायदा तेच बदल करत नाहीत, मग न्यूझीलंडने अख्खी पद्धत कशी बदलली? तिथली ‘दोन मतांची’ पद्धत सोप्या भाषेत सांगाल का?
– राज्यशास्त्राचा विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : आधी कारण. १९७८ मध्ये तिथे मजूर पक्षाला ४०.४ टक्के मतं आणि ४० जागा, नॅशनल पक्षाला ३९.८ टक्के मतं आणि ५१ जागा. मतं कमी, सरकार त्यांचं. १९८१ मध्ये पुन्हा तेच. त्या वर्षी सोशल क्रेडिट नावाच्या तिसऱ्या पक्षाला २०.७ टक्के मतं पडली आणि ९२ पैकी जागा मिळाल्या दोन. १९८५ मध्ये शाही आयोग नेमला गेला. त्याने डिसेंबर १९८६ मध्ये जर्मनीसारखी मिश्र पद्धत सुचवली. दोन्ही मोठ्या पक्षांना ती नको होती, पण लोकांचा रेटा थांबला नाही.

मग दोन टप्प्यांत सार्वमत झालं, आणि यशाचं कारण बरंचसं या टप्प्यांत आहे. १९९२ मध्ये विचारलं : बदल हवा का, आणि हवा असेल तर चार पर्यायांपैकी कोणता? ८४.७ टक्के लोक बदल हवा म्हणाले, पर्यायांत मिश्र पद्धतीला ७०.५ टक्के मिळाले. मग वर्षभर माहिती देण्याचं काम स्वतंत्र मंडळाकडे सोपवलं. १९९३ मध्ये जुनी आणि नवी अशी समोरासमोर लढत ठेवली. नवी ५३.९ टक्क्यांनी जिंकली. पहिली निवडणूक १२ ऑक्टोबर १९९६ ला झाली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००५ मध्ये ५७.७ टक्के लोकांनी बदलाच्या बाजूने मत दिलं, पण अट ६० टक्क्यांची होती, म्हणून बदल बारगळला. तीच अट न्यूझीलंडला लावली असती तर तिथेही काही झालं नसतं.

पद्धत अशी. मतदाराला दोन मतं : एक पक्षाला, एक मतदारसंघातल्या उमेदवाराला. संसदेत साधारण १२० जागा, २०२० च्या निवडणुकीत त्यांतल्या ७२ मतदारसंघांतून आणि ४८ यादीतून. कोणत्या पक्षाच्या एकूण किती जागा हे फक्त पक्षाच्या मतावर ठरतं. त्यातून मतदारसंघांत जिंकलेल्या जागा वजा करायच्या, उरलेल्या यादीतून भरायच्या. ३० जागांचा हक्क आणि मतदारसंघांत १८ जिंकल्या, तर यादीतले वरचे १२ जण आत.

हक्क ठरवायला सेंत-लाग्यूची भागाकार पद्धत वापरतात. प्रत्येक पक्षाच्या मतांना १, ३, ५, ७ ने भागत जायचं आणि सर्वांत मोठे भागाकार निवडायचे. लहान उदाहरण घेऊ. जागा ८, मतं : क ४७ हजार, ख २९ हजार, ग १६ हजार, घ ८ हजार. भागाकार (हजारांत) क चे ४७, १५.६७, ९.४, ६.७१, ख चे २९, ९.६७, ५.८, ग चे १६, ५.३३, घ चा ८. सर्वांत मोठे आठ निवडले की क ला ४, ख ला २, ग ला १, घ ला १. हीच मतं द’हाँट पद्धतीने, म्हणजे १, २, ३, ४ ने भागून पाहा : क ४, ख ३, ग १, घ शून्य. मतदाराने काहीच बदललं नाही, भाजक बदलला आणि एक पक्ष नाहीसा झाला. निवडणूक सुधारणेचा कोणताही मसुदा हातात आला की आधी भाजक कोणता ते बघा, असं आम्ही नेहमी सांगतो.

आणि किमान मतांची अट बघा. न्यूझीलंडमध्ये ५ टक्के मतं किंवा एक मतदारसंघ जिंकणं, यांपैकी एक हवं. आयोगाने ४ टक्के सुचवले होते, संसदेने ५ केले. २००८ मध्ये न्यूझीलंड फर्स्ट पक्षाला ४.०७ टक्के मतं मिळाली, जागा शून्य. अ‍ॅक्ट पक्षाला ३.६५ टक्के, पण त्यांनी ऑकलंडमधला एप्सम मतदारसंघ जिंकला होता, म्हणून जागा पाच. आमच्या मते ही त्या पद्धतीतली सगळ्यांत अन्यायाची जागा आहे.

तरीही २०११ मध्ये पुन्हा सार्वमत घेतलं तेव्हा ५७.८ टक्के लोकांनी नवी पद्धतच ठेवली.

प्रश्न : अशा पद्धतीत एकाच पक्षाचं बहुमत क्वचित येतं. मग पेन्शनसारखे कठीण निर्णय होतच नसतील. स्थिर सरकार बरं नाही का?
– निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

उत्तर : न्यूझीलंडच्याच पेन्शनची गोष्ट पाहू, कारण तिच्यात दोन्ही बाजू दिसतात. १९९६ च्या निवडणुकीनंतर आघाडी जुळायला जवळजवळ दोन महिने लागले. त्या आघाडीच्या करारात एक कलम होतं : निवृत्तीसाठी सक्तीच्या बचतीवर सार्वमत. ते १९९७ मध्ये टपालाने झालं आणि ९१.८ टक्के लोकांनी विरोधात मत दिलं. एखाद्या पक्षाची आवडती कल्पना करारात घुसली म्हणून लोकांच्या गळी उतरत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

दहा वर्षांनी, १ जुलै २००७ ला, किवीसेव्हर ही निवृत्तीसाठीची बचत योजना सुरू झाली. उद्देश तोच, बांधणी वेगळी. नवी नोकरी धरणारा १८ ते ६५ वयाचा माणूस आपोआप योजनेत दाखल होतो. नको असेल तर नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर आणि आठव्या आठवड्याच्या आत तसं कळवून बाहेर पडायचं. म्हणजे सक्ती नाही, पण काहीच न करणारा माणूस बचत करतो. पैसे प्राप्तिकरासोबत पगारातूनच कापले जातात, त्यामुळे मालकाला वेगळी यंत्रणा लागत नाही. मालकाचाही वाटा असतो. रक्कम ६५ पर्यंत बंद, मात्र तीन वर्षांनी पहिलं घर घ्यायला काढता येते. तरुणांना ‘म्हातारपणी मिळेल’ यापेक्षा ‘घराला उपयोगी पडेल’ हे लवकर पटतं.

ही योजना आणणारं सरकार बहुमताचं नव्हतं, लहान पक्षांच्या पाठिंब्यावर उभं होतं. २००८ मध्ये सरकार बदललं. नव्या सरकारने किमान वाटा ४ वरून २ टक्क्यांवर आणला, २०१३ मध्ये तो ३ झाला. टक्केवारीची ओढाताण झाली, योजना मोडली नाही. स्वीडनमध्ये पेन्शनची पुनर्रचना पाच पक्षांनी १९९४ मध्ये मिळून ठरवली आणि १९९८ मध्ये कायदा केला, तोही निवडणुकांच्या उलथापालथीत टिकला.

स्थिर सरकार झपाट्याने निर्णय घेतं हे खरं. पण पेन्शनची योजना चाळीस वर्षं चालायला लागते, आणि तेवढ्यात आठ-दहा सरकारं येतात. विरोधी बाकावरच्यांनाही मान्य होईल अशी बांधणी आधीच करावी लागते. आघाडीची सरकारं ती नाइलाजाने करतात, म्हणून त्यांचे निर्णय कधी कधी जास्त टिकतात. आपली रोजगार हमी आठवा : वि. स. पागे यांनी आधी तासगाव तालुक्यात लहान प्रमाणावर करून पाहिली, मग दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७५ मध्ये व्यवसाय कर लावून पैशाची सोय झाली, आणि २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अमलात आला. पैसा कुठून येणार हे आधी ठरलं, हक्क कागदावर नंतर आला.

प्रश्न : आमच्या बेळगावच्या सविता हलप्पनवार यांच्या मृत्यूनंतर आयर्लंडने गर्भपाताचा कायदा बदलला. तो निर्णय सामान्य नागरिकांच्या सभेने घेतला असं वाचलं. हे खरं का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : निर्णय सार्वमताने झाला, वाट सभेने करून दिली. सविता यांचं ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवे इथे निधन झालं. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट असूनही त्यांची गर्भपाताची विनंती मान्य झाली नव्हती, कारण १९८३ च्या आठव्या घटनादुरुस्तीने गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क दिला होता. हे कोणत्याही मोठ्या पक्षाला हातात धरवत नव्हतं.

२०१६ मध्ये नागरिक सभा बसली : ९९ नागरिक, वय, लिंग, प्रदेश आणि सामाजिक वर्ग यांचं प्रमाण राखून निवडलेले, आणि अध्यक्ष म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मेरी लाफॉय. डब्लिनजवळच्या मॅलाहाइडमधल्या एका हॉटेलात शनिवार-रविवारी बैठका. सात-आठ जणांचं एक गोल टेबल, प्रत्येक टेबलावर चर्चा चालवणारा एक आणि टिपणं घेणारा एक. डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंच्या संघटना येऊन बोलत आणि मग नागरिक आपसांत बोलत. या एका विषयाला पाच शनिवार-रविवार दिले. एप्रिल २०१७ मध्ये ८७ टक्के सदस्यांनी आठवी दुरुस्ती आहे तशी ठेवू नये असं मत दिलं.

पुढची पायरी बहुतेक लेखांत गळते. सभेची शिफारस संसदेच्या समितीकडे गेली, आणि सरकारने सार्वमताच्या आधीच नव्या कायद्याचा आराखडा प्रसिद्ध केला. २५ मे २०१८ ला मत देणाऱ्याला माहीत होतं की ‘हो’ म्हटलं तर १२ आठवड्यांपर्यंतची मुभा येईल. ६६.४ टक्के लोकांनी हो म्हटलं.

बिघडलं कुठे? एकदा निवड करणाऱ्या कंपनीच्या माणसाने घरोघरी न फिरता ओळखीपाळखीतून सात सदस्य भरले. उघड होताच त्यांना काढलं. आणि मार्च २०२४ मध्ये कुटुंब आणि घरातली शुश्रूषा या विषयांवरची दोन सार्वमतं पडली, ६७.७ आणि ७३.९ टक्के विरोधात. शुश्रूषेबाबत नागरिक सभेने सरकारवर ठोस जबाबदारी टाका असं सुचवलं होतं, सरकारने मसुद्यात ‘प्रयत्नशील राहील’ असे सैल शब्द घातले. नागरिकांना महिनोन् महिने बसवायचं आणि त्यांचा शब्द शेवटी पातळ करायचा, हा त्यांच्या कष्टाचा अवमान आहे.

प्रश्न : मी ऑकलंडमध्ये रेसिडंट व्हिसावर आहे, भारतीय पासपोर्ट ठेवला आहे. मला इथे मत देता येईल का? आणि सांगलीतलं मत जाईल का?
– एक वाचक, ऑकलंड

उत्तर : येईल. न्यूझीलंड १९७५ पासून कायम रहिवाशांनाही संसदेच्या निवडणुकीत मत देऊ देतं, आणि रेसिडंट व्हिसा त्यात धरला जातो. वय १८ पूर्ण आणि देशात सलग १२ महिने वास्तव्य झालेलं हवं. नाव नोंदवणं सक्तीचं आहे, मत देणं नाही. निवडणूक लढवायला मात्र नागरिकत्व लागतं. नोंदणीचं काम मतदान सुरू होण्याच्या बरंच आधी उरका.

परदेशात राहणाऱ्या आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व न घेतलेल्या भारतीयाला पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नमुना ६-अ भरून नाव नोंदवता येतं. टपालाने किंवा ऑनलाइन मत देण्याची सोय नाही. मतदानाच्या दिवशी सांगलीतल्या तुमच्या केंद्रावर स्वतः हजर राहावं लागेल, आणि ओळखपत्र म्हणून मूळ पासपोर्टच दाखवावा लागेल, त्याची प्रत चालत नाही.